हंडे तीन, घंगाळ एक, विधवा भावजय एक

आमच्या सासरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. समिती नेमली आहे, देणग्या गोळा होताहेत, मुखपृष्ठावर कुलदैवताचा फोटो घ्यायचा की मूळ गावच्या घराचा यावर तीन आठवडे ईमेलाईमेली झाली. (मी देवाच्या बाजूने मत दिलं. घर आता उभं नाही.) या समितीने मी पाठवलेला एक मजकूर 'जागेअभावी' परत केला आहे आणि त्याबद्दल मला आज थोडं सविस्तर बोलायचं आहे. समितीतले बरेच जण ही अनुदिनी वाचतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच इथे लिहिते आहे.

मी स्वतः दोन कुलवृत्तांतांत आहे. माहेरच्या पुस्तकात वडिलांच्या नावाखाली 'कन्या' म्हणून माझं नाव, आणि पुढे कोणत्या गावी कोणाला 'दिली' ते. सासरच्या पुस्तकात नवऱ्याच्या नावापुढे 'भार्या' म्हणून, लग्नातलं नाव, कंसात माहेरचं आडनाव. पस्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, त्याचा उल्लेख दोन्हीकडे नाही. पण यजमान बँकेत कोणत्या हुद्द्यावर निवृत्त झाले ते आहे. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला एक गोष्ट लगेच खटकते. 'देणे' हे द्विकर्मक क्रियापद आहे. कोणी, कोणाला, काय. यातल्या 'काय'च्या जागी मी आहे.

असो. मला माझ्यासाठी भांडायचं नाही. माझी पेन्शन माझ्या नावावर येते, माझं नाव पुष्कळ ठिकाणी आहे. परत आलेला मजकूर दुसऱ्या एका बाईबद्दल होता. दीड पानाचाच. आमच्या घरच्या १९१९ सालच्या वाटणीपत्रावरून आणि १९३० सालच्या एका सोडपत्रावरून लिहिलेला. समितीचे प्रमुख माझे चुलत दीर. माणूस अतिशय सज्जन, माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात दोन रात्री बाकड्यावर बसून काढलेला. ते फोनवर म्हणाले, "वहिनी, कुलवृत्तांत म्हणजे घराण्याचा इतिहास. त्यात वाटण्या-फाटण्या कशाला? ते कोर्टकचेरीचे कागद. इतिहास वेगळा."

भाऊजी, इतिहास वेगळा नाही. जुन्या आवृत्तीत घडीच्या मोठ्या पानावर जी वंशावळ छापली आहे, जी आपण लग्नामुंजीत पाहुण्यांना उघडून दाखवतो, ती कुठून आली? आपल्या पूर्वजांनी संध्याकाळी ओसरीवर बसून अभिमानाने ती लिहिली असं तुम्हाला वाटतं का? १८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांपुढे प्रश्न आला की कोणाची जमीन इनाम, कोणाची नाही, आणि कोण उगाच सारा बुडवतो आहे. १८४३ पासून खाली धारवाड-बेळगावकडच्या दक्षिण मराठा मुलखात चौकशी सुरू झाली, आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला रीतसर अधिकार मिळाले. सनद दाखवा. इनाम मुळात कोणाला मिळालं ते सांगा. त्या माणसापासून तुमच्यापर्यंत वारस कसे आले ते पिढीवार लिहून द्या. सांगितलेलं खरं की खोटं ते पेशवे दफ्तरातल्या नोंदींशी ताडून बघणार. उत्पन्न जाईल या भीतीने लोकांनी कैफियती दिल्या आणि त्यांना वंशावळी जोडल्या. पुढे १८६३ च्या दोन कायद्यांनी बहुतेकांनी थोडा सारा भरायचं कबूल करून प्रकरण मिटवलं, पण वंशावळी दफ्तरात राहिल्या. विसाव्या शतकात कुलवृत्तांत लिहिणाऱ्या उत्साही मंडळींनी त्याच उतरवून घेतल्या. आपल्याच जुन्या प्रस्तावनेत 'इनामाच्या कागदांतील वंशावळीवरून' असे शब्द आहेत. प्रस्तावना कोणी वाचत नाही, त्याला काय करणार!

म्हणजे ज्याला आपण घराण्याचा इतिहास म्हणतो तो एक मिळकतीचा कागदच आहे. सरकारी अर्जाला जोडलेला. त्यात बायका का नाहीत याचं उत्तरही तिथेच आहे. इनाम बापाकडून मुलाकडे आलं हे दाखवायचं होतं, त्यासाठी आई-बहिणींची नावं लागत नव्हती. वतनांच्या बाबतीत तर सरकारने १८८६ मध्ये कायदाच केला: शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर घरातल्या कोणत्याही स्त्रीचा, आणि स्त्रीच्या नात्याने हक्क सांगणाऱ्याचाही नंबर, घराण्यातल्या वारस होऊ शकणाऱ्या सगळ्या पुरुषांच्या मागे. अशा कागदावरून झाड काढलं तर त्याला पुरुषच लागणार. आता त्याच गाठोड्यातला एक कागद 'इतिहास' म्हणून सोनेरी अक्षरात छापायचा आणि दुसरा 'कोर्टकचेरी' म्हणून परत पाठवायचा, हे कोणत्या तर्कात बसतं?

दुसरा आक्षेप बऱ्याच जणांनी घेतला. अमेरिकेतल्या पुतण्यानेही. "काकू, मृत्युपत्रं वगैरे साहेबांच्यात. आपल्यात नव्हतंच ते." हे अर्धं खरं आहे म्हणून नीट सांगते. धर्मशास्त्रात मृत्युपत्र नाही, वाटणी आहे. एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने कोणाला देता येत नसे. ती मुभा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने दिली. पण स्वकष्टार्जित पैसा, नोकरीची कमाई, मुंबईतली चाळ, यांची मृत्युपत्रं आपली माणसं एकोणिसाव्या शतकात भरपूर करत होती. इतकी की १८७० मध्ये त्यासाठी हिंदू विल्स ॲक्ट आणावा लागला. मुंबई आणि मद्रास शहरांत आणि बंगालच्या खालच्या प्रांतांत हिंदूचं मृत्युपत्र लेखी हवं, सही हवी, दोन साक्षीदार हवेत, असं त्याने ठरवलं. मुंबईबाहेर, आपल्या कोकणात-देशावर, १९२६ अखेरपर्यंत तोंडी मृत्युपत्रसुद्धा चालत होतं (मिळकत मुंबईत नसेल तर). मरणाऱ्याने अंथरुणावरून चार माणसांदेखत सांगितलं, झालं. मग भांडण लागलं की ती चार माणसं कोर्टात साक्ष द्यायची, आणि तेव्हा ते सगळं कागदावर यायचं. कोण उशाशी होतं, कोण दाराबाहेर होतं, पाणी कोणी पाजलं. कोणत्या कुलवृत्तांतात हे आहे?

हे कागद गुप्तही नाहीत. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, म्हणजे आपण ज्याला सब-रजिस्ट्रार म्हणतो तिथे, दस्तांची वेगवेगळी बुकं असतात. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं, सोडपत्रं अशा स्थावराच्या दस्तांचं बुक नंबर एक कोणीही फी भरून पाहू शकतो. मृत्युपत्रांचं आणि दत्तक घेण्याच्या अधिकारपत्रांचं बुक तीन. करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच. तो वारल्यावर मात्र जो अर्ज करेल त्याला. १९०८ च्या नोंदणी कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मला एका कचेरीत मात्र तीन खेपा घालायला लावल्या. 'मॅडम, तुमचा काय संबंध?' असा प्रश्न तिन्ही वेळा आला. चौथ्या खेपेला मी कायद्याचं ते पान झेरॉक्स करून नेलं. मग चहा आला आणि नक्कलही आली.

आता मुख्य गोष्ट.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकले. माझ्या वयाच्या लोकांना शाळेत मोडी नव्हती, आधीच्या पिढीने ती वापरली आणि आमच्यापर्यंत ती पोचलीच नाही. सहा महिने वर्ग, आणि नंतर दोन वर्षं नुसता सराव. पहिला अख्खा कागद वाचला तो हे १९१९ चं वाटणीपत्र. तीन भाऊ वेगळे निघाले, चौथा आधीच वारला होता. जमिनी, गडगे, विहिरीच्या पाळ्या, कलमं मोजून, गोठ्यातली गुरं रंगासकट. मग भांडी. तांब्याचे हंडे तीन, घंगाळ एक, समया, परात, पाटा-वरवंटा. आणि भांड्यांची यादी संपते त्याच्या खालच्या ओळीत, नवा परिच्छेदसुद्धा न करता, वारलेल्या भावाची बायको. गंगाभागीरथी अमुक. हिला माजघराला लागून असलेली खोली हयातीपर्यंत राहायला, वर्षाला भात इतका, लुगडी दोन, अन्नवस्त्राबद्दल अमुक कलमबागेवर बोजा. शेवटी सगळ्यांच्या सह्या. तिचीही आहे, संमतीची. तिच्या नावापुढे लिहिलं आहे 'सही दस्तुरखुद्द'. म्हणजे स्वतःच्या हाताने केलेली. आणि मूळ कागद आपल्या घरातच असल्यामुळे ती सही मी डोळ्यांनी पाहिली आहे: बाळबोध, सुटी, गोल अक्षरं, 'बाई'मधल्या 'ई'ला मोठा फाटा. लिहायची सवय असलेल्या माणसाची सही.

कुलवृत्तांतात या बाईच्या नवऱ्याचं नाव आहे आणि पुढे तीन शब्द: 'वंश पुढे नाही'. तिचं नाव नाही. इथेही मी ते लिहीत नाही. पहिल्यांदा छापलं जायचं तर ते कुलवृत्तांतात छापलं जावं अशी माझी इच्छा आहे.

आता १९३०. बुक एक, सोडपत्र. लिहून देणार तीच. काशीयात्रेस जाणे असल्याने रोख रुपये १५० घेऊन कलमबागेवरचा अन्नवस्त्राचा बोजा आणि खोलीचा हक्क सोडला. घेणार, मोठे दीर. त्यानंतर लवकरच फेरफार झाला आणि बोजा कमी झाल्याची नोंद पडली. सगळं कायदेशीर. फक्त लिहून देणाऱ्याच्या सहीच्या जागी सही नाही. तिथे आहे 'निशाणी, डाव्या हाताचे आंगठ्याची', आणि शेजारी निशाणी करून घेणाऱ्याचं नाव.

नोंदणीच्या वेळी साक्षर माणसाचाही अंगठा घेतात हे मला माहीत आहे. हा अंगठा तो नव्हे. दस्ताच्या खाली, सही करायच्या जागी, सही करता येत नाही म्हणून केलेला हा अंगठा आहे. अकरा वर्षांपूर्वी गोल अक्षरात स्वतःची सही करणाऱ्या बाईचा.

डोळे गेले असतील. हात कापत असेल. पक्षाघात झाला असेल. किंवा अंगठा दुसऱ्याच कोणाचा असेल. काहीही असू शकतं, आणि मी दीड पानात यातलं एकच खरं असं कुठे म्हटलेलं नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि काय दिसतं ते लिहिलं. ती काशीला खरंच गेली का, याचा एकही कागद घरात नाही. गाडीभाड्याची नोंद नाही, तिकडून आलेलं कार्ड नाही, आणि आपल्या घरात तर कोथिंबिरीच्या जुडीचाही हिशेब लिहीत. सासूबाईंना मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "काशीला गेली म्हणायचे, बाई. आम्ही नव्या सुना, आम्ही काय विचारणार?" 'म्हणायचे' हा शब्द त्यांनी ज्या पद्धतीने उच्चारला तो माझ्या कानात आहे.

ती कलमबाग आज कोणाच्या शाखेकडे आहे हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तेही बोलून टाकू. मला त्या बागेतला एक आंबा नको. कोणालाच नको. कायद्याच्या सगळ्या मुदती कधीच्या संपल्या, कोणी दावा लावायला गेलं तर वकील हसेल. तरीही 'जागेअभावी' हे कारण माझ्या पचनी पडत नाही, कारण त्याच आवृत्तीत एका पणजोबांना कोणा साहेबाने दिलेल्या शिफारसपत्राला पूर्ण पान आहे. चौकट काढून.

साहेबावरून आठवलं. ज्यांचं राज्य होतं त्यांची नातवंडं-पतवंडं आपल्यापेक्षा धीट निघाली. कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात मेलेल्या गोऱ्यांची मृत्युपत्रं आणि त्यांच्या मिळकतीच्या याद्या यांच्या नकला लंडनला जात असत. बंगाल, मद्रास, मुंबई तिन्हीकडच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि तिकडची साधी, निवृत्त, माझ्यासारखी माणसं आपला खापरपणजोबा शोधायला त्या चाळतात. त्यांना काय सापडतं? घोडे, मद्याच्या बाटल्या, पलंग, आणि 'माझ्या घरात राहणारी बाई' किंवा तिला झालेली मुलं. विल्यम डॅलरिंपल यांनी 'व्हाइट मुघल्स' (२००२) मध्ये बंगालच्या मृत्युपत्रांवरून हिशेब दिला आहे: १७८० ते १७८५ या काळात दर तीन मृत्युपत्रांमागे एकात हिंदी बायकोला किंवा सोबतिणीला, किंवा तिच्या मुलांना काही ठेवलेलं आहे. १८०५ ते १८१० मध्ये चारात एक, १८३० पर्यंत सहात एक, आणि शतकाच्या मध्यापर्यंत हे उल्लेख जवळजवळ संपले. दुर्बा घोष या अभ्यासक बाईंनी २००६ च्या पुस्तकात हेच कागद आणखी बारकाईने वाचले. त्यांनी दाखवलं की या बायकांचं पूर्ण नाव क्वचितच लिहिलेलं असतं. नुसतं पहिलं नाव, तेही वेडंवाकडं, किंवा तेवढंही नाही.

हे वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. गोऱ्या साहेबाच्या मृत्युपत्रातली निनावी बाई आणि आपल्या कुलवृत्तांतातली 'भार्या', फरक किती? एक फरक आहे. साहेबाची पणती आज तिचं नाव शोधते आहे. आपण सापडलेलं नाव जागेअभावी परत पाठवतो आहोत.

"बदनामी होईल" हा तिसरा आक्षेप, आणि खरा आक्षेप हाच आहे, बाकीचे त्याच्या पुढे उभे केलेले पडदे. कोणाची बदनामी? केव्हाच वारलेल्या थोरल्या दिरांची? मग ज्या कहाण्या आपण अभिमानाने सांगतो त्यांत काय असतं? ताईमहाराज प्रकरण घ्या. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७ च्या ऑगस्टमध्ये वारले आणि मृत्युपत्राने लोकमान्य टिळकांना विश्वस्तांपैकी एक नेमून गेले. मागे कोवळ्या वयाची विधवा. १९०१ मध्ये औरंगाबादला दत्तकविधान झालं, पुढे तिने ते नाकारलं आणि दुसरा मुलगा दत्तक घ्यायला निघाली. मग दिवाणी, फौजदारी, टिळकांवर खोट्या साक्षीचा आरोप, शिक्षा, १९०४ मध्ये हायकोर्टात सुटका, आणि अखेर १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा निकाल टिळकांच्या बाजूने. टिळक बरोबर ठरले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी शाळेत हे प्रकरण शिकवलं ते 'टिळकांना झालेला मनस्ताप' म्हणून, कारण पुस्तकांत तसंच होतं. ताईमहाराजांना 'वाईट सल्लागारांनी फितवलं' एवढ्यावर त्यांची बाजू संपते. मृत्युपत्राचा एवढा मोठा खटला, आणि ज्या बाईच्या ओटीत मूल घालायचं होतं तिला काय हवं होतं हे कोणाला सांगावंसं वाटलं नाही. ते शोधायचं तर त्या खटल्याच्या कागदांतच शोधावं लागेल, दुसरी जागा नाही.

किंवा रखमाबाई. नांदायला जात नाही म्हणून १८८४ मध्ये नवऱ्याने खटला भरला, १८८५ मध्ये ती जिंकली, १८८७ मध्ये हरली आणि तुरुंगात जायला तयार झाली, १८८८ मध्ये तडजोड, पुढे ती डॉक्टर झाली. हे सगळ्यांना माहीत. पण तिच्या नावावर मिळकत होती आणि ती का होती, हे किती जणांना माहीत आहे? १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाहाला परवानगी दिली आणि त्याच्याच दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणारीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. रखमाबाईच्या आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं, आणि पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावावर झाली. नवऱ्याला बायको हवी होती की मिळकत, हा प्रश्न तेव्हाच्या भांडणातही होता. मिळकतीचा कागद बाजूला ठेवला की उरते फक्त एक धीट मुलगी आणि एक हट्टी नवरा. गोष्ट छान होते, पण अर्धी कळते.

गोव्याच्या माझ्या विहीणबाईंना या सगळ्याचं नवल वाटतं. त्यांच्याकडे १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता. मुलीला मुलाइतका वारसा. त्यामुळे माणूस वारला की कोर्टात मिळकतीची यादी व्हायची ('इन्व्हेंतार' म्हणतात त्या), तेव्हा मुलींची नावं, त्यांच्या नवऱ्यांची नावं, सगळं लागायचंच. त्यांच्या पणजीच्या बहिणींची नावं त्या घडाघड सांगतात. आपल्याकडे माझ्या सासूबाईंच्या आत्यांची नावं सांगणारं कोणी उरलेलं नाही.

हे कागद म्हणजे सत्य, असं मात्र कोणी समजू नये. ते मिळकत असलेल्यांनी मिळकतीसाठी लिहिलेले आहेत. मृत्युपत्रात मरणाऱ्याची इच्छा असते. तसं घडलं का, हे पुढच्या फेरफारात किंवा दाव्यात बघावं लागतं. आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ती माणसं यात येतात ती एका शब्दापुरती. आपल्याच वाटणीपत्रात जमिनीच्या यादीत प्रत्येक तुकड्यापुढे कुळाचं नाव आहे, नुसतं पहिलं, एकेरी. बाप-आडनाव काही नाही. पेशवाईतल्या कागदांत तर कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी मिळतात, गुरांच्या नोंदींसारख्या. १८४३ च्या पाचव्या कायद्यानंतर कोर्टात गुलामगिरीचा हक्क सांगता येईना, पण म्हणून त्या बायका ज्या घरांत होत्या त्या घरांतून लगेच नाहीशा झाल्या असतील का? आपल्या घरी नव्हत्याच असं समितीने गृहीत धरलं आहे. मी गृहीत धरत नाही. १८४३ च्या आधीचं एक गाठोडं अजून सोडायचं आहे. त्यात काही निघालं तर तेही मी समितीकडे पाठवणार आहे. कुळांची नावं तर आधीच पाठवली आहेत, तुकड्यासकट, कारण त्यांची नातवंडं अजून गावात आहेत आणि त्यांना आपल्या आजोबांचं नाव १९१९ च्या कागदावर बघायला आवडेल. कोणी त्यांना विचारलं तरी का?

तर भाऊजी, माझं मागणं मोठं नाही. वंशावळीत त्या चौकोनात, 'वंश पुढे नाही'च्या आधी, तिचं नाव. आणि परिशिष्टात दोन्ही कागदांचे फोटो शेजारी शेजारी, सही आणि निशाणी वाचता येतील एवढे मोठे. खाली स्पष्टीकरण नको, माझं नावही नको. दीड पानाची जागा नसेल तर अर्धं पान चालेल. अर्ध्या पानाचा छपाईचा खर्च किती येतो तो कळवा, मी देते. एवढंही जमणार नसेल तर माझी देणगी परत करू नका, पण देणगीदारांच्या यादीत माझं नाव घालू नका.

आणि बाकीच्या नातेवाइकांसाठी. बडोद्याच्या शाखेकडे एक पत्र्याची ट्रंक आहे असं कळलं आहे आणि त्यांची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. इंदूरला पोटमाळ्यावर दोन बोचकी आहेत. ती रद्दीवाल्याला देऊ नका. वाळवी लागलेली असली तरी देऊ नका. कुरिअरचे पैसे मी देईन. पाठवणं शक्य नसेल तर मोबाईलवर फोटो काढा, उजेडात, कागद सपाट ठेवून, एका फोटोत एकच पान. आणि प्रत्येक पानाच्या मागच्या बाजूचाही काढा. शेरे बहुधा मागेच असतात.